मिस्तर

सहावीतल्या एका मुलीला मी भर वर्गात रागावले. चूक तिची नव्हती, माझी होती. ती कशी झाली हे सांगायचं तर अब्बांपासून सुरुवात करावी लागेल, कारण ती चूक शेवटी त्यांनीच पकडली.

माझं माहेर लातूर. गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अब्बा कातिब होते. हा शब्द आता माझ्या वर्गातल्या मुलांनाही समजावून सांगावा लागतो. मराठी, इंग्रजी शिशाच्या खिळ्यांनी छापता यायची. उर्दूची नस्तालीक लिपी काही त्या खिळ्यांत नीट बसली नाही. तिच्यात अक्षरं एका रेषेवर उभी राहत नाहीत. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि जिना उतरावा तसा डावीकडे खाली येतो. शेजारी कोण बसलंय ते पाहून एकच ‘बे’ आपलं रूप बदलते. त्यामुळे पुस्तक असो की अखबार, आधी कातिबानं हातानं लिहायचं आणि मग ते दगडावर, पुढच्या काळात ऑफसेटच्या प्लेटवर उतरवायचं. आमच्याकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. उर्दू लिहिणारे हात त्यामुळे नांदेडला काय, लातूरला काय, पुष्कळ होते. अब्बांचे उस्ताद त्याच काळात शिकलेले.

अब्बा लग्नाचे रुक्के लिहायचे, जलशांचे इश्तेहार लिहायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या बैठकीजवळ भिंतीला खिळा होता आणि त्या खिळ्याला तीन-चार मिस्तर टांगलेले असत. मिस्तर म्हणजे जाड पुठ्ठा, त्यावर ठरावीक अंतरानं आडवे ताणून शिवलेले दोरे. कोरा कागद त्यावर ठेवून बोटानं दाबत गेलं की दोऱ्यांचे वळ कागदावर उमटतात. ना शाई, ना पेन्सिल. त्या वळांच्या आधारानं लिहायचं. रुक्क्याचा मिस्तर वेगळा, किताबाचा वेगळा, इश्तेहाराचा त्याहून वेगळा. पुढं बटर पेपर आला तेव्हा खाली रेघांचा छापील कागद ठेवायची सोय झाली, पण अब्बा त्यालाही मिस्तरच म्हणत. लहानपणी कागद दाबायचं काम माझ्याकडे होतं. अंगठा लावला की अब्बा ओरडायचे, ‘‘अंगूठे से नक्को बेटा, कागज फटता.’’

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढं लागणार आहे. अब्बांनी अक्षर मोजायला पट्टी कधी वापरली नाही. बरूच्या लेखणीचं टोक तिरपं छाटलेलं असतं, त्याला क़त म्हणतात. ते टोक कागदावर टेकवून जरा ओढलं की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो. हाच ठिपका म्हणजे माप. अब्बांच्या उस्तादांचा अलिफ तीन क़तांचा. लेखणी बारीक घेतली तर ठिपका बारीक आणि अलिफही बारीक, पण तीनच क़तांचा. पाटीसाठी दोन बोटं रुंदीची लेखणी घेतली तरी अलिफ तीन क़तांचाच. आकार बदलला तरी अक्षराचा बांधा मोडत नाही. बगदादचा वजीर इब्न मुक्ला इसवी सन ९४० मध्ये वारला. ठिपक्यानं अक्षर मोजायची रीत बांधून दिल्याचं श्रेय त्याला देतात.

मग संगणक आला. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं हातानं लिहून काढली आणि मोनोटाइप कंपनीनं ती यंत्रात बसवली. तो नूरी नस्तालीक, १९८१ सालचा. त्याच अक्षरांवर १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचं ‘इनपेज’ बाजारात आलं. आमच्या लातूरला ते पोहोचलं तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. अब्बा एक दिवस डीटीपीच्या दुकानात जाऊन बघून आले. घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘अच्छा लिखता. थकता नै.’’ एवढंच. नंतर त्यांनी वह्या-पेनांचं दुकान टाकलं. खिळ्यावरचे मिस्तर माळ्यावर गेले.

अब्बांची आठवण काढताना मी हळवी होते हे खरं. पण त्यांच्या काळी प्रत्येक अक्षर नव्यानं जन्माला यायचं, असं काही नव्हतं. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. एकदा मन लावून लिहिलेली बिस्मिल्लाह, तसंच ‘शादी मुबारक’, हे छापून घेऊन त्याचे तुकडे त्यात ठेवलेले असत. नवा रुक्का आला की डब्यातली बिस्मिल्लाह काढायची आणि वर चिकटवायची. एकच बिस्मिल्लाह किती घरांच्या लग्नांत गेली असेल, देव जाणे.

आता माझ्याकडे येते. मी उर्दूतून शिकले, बी.एड. केलं, लग्न होऊन नांदेडला आले आणि एका उर्दू शाळेत लागले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुलांना घरी अभ्यास पाठवायचा होता. माझ्याकडे इनपेजमध्ये टाइप केलेल्या पुष्कळ प्रश्नपत्रिका होत्या. पण जुन्या इनपेजमधला मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसायची, कारण त्यात अक्षरं युनिकोडमध्ये साठवलेलीच नसत. मग पानाचा फोटो काढून पाठवायचा. पाच इंची फोनवर त्या फोटोतलं काय दिसणार?

माझा धाकटा भाऊ पुण्याच्या कंपनीत वेबसाइटची पानं बनवायचं काम करतो. टाळेबंदीत लातूरला आला तो घरूनच काम करू लागला. तो म्हणाला, आपा, तू फोटो पाठवू नकोस, आपण पानं बनवू. फोनवर उघडतील, हवी तेवढी मोठी करता येतील. त्यानं मला फोनवरून शिकवलं आणि मी शिकले. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात फलकलेखनाचं कौशल्य असतं. अक्षर शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे, ओळ सरळ पाहिजे, दोन ओळींत जागा पाहिजे. मला त्यात चांगले गुण होते. मला वाटलं हेही तसंच असेल.

सुरुवातीची तीसेक पानं मी फळ्यावर लिहावं तशीच केली. प्रत्येक ओळीला हातानं सजवायचं. हे शीर्षक, त्याला आकार २८. हा प्रश्न, त्याला जरा ठळक कर. पुढच्या पानावर शीर्षकाचा आकार २६ झालेला. एका पानावर मी प्रश्न निळा केला होता, का केला ते मलाच आठवेना. सगळे प्रश्न जरा मोठे करायचं ठरवलं तर तीस पानं उघडून प्रत्येक प्रश्नापुढचा आकडा बदलत बसायचं. दोन रात्री गेल्या आणि तरी चार-पाच राहून गेले.

भावानं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मजकूर एकीकडे आणि त्याचं रूप दुसरीकडे ठेवायचं, ही गोष्ट वेबच्या जगात जुनी आहे, असं तो म्हणाला. हाकन विउम ली नावाच्या नॉर्वेच्या माणसानं १९९४ मध्ये ती सुचवली आणि १९९६ च्या डिसेंबरात सीएसएस या नावानं ती प्रमाण झाली. (इनपेजचंही साल १९९४ च. मला याची गंमत वाटली, भावाला वाटली नाही.) पण आता लोक त्याच्याही पुढं गेलेत. पानाचे छोटे छोटे भाग एकदाच बनवायचे आणि जिथं लागतील तिथं तेच वापरायचे. त्याला कम्पोनंट म्हणतात. बटणाचा कम्पोनंट असतो, यादीचा असतो, तसा नुसत्या मजकुराचाही असतो.

मला कळेना, तेव्हा तो म्हणाला, ‘‘आपा, अम्मीचा सोऱ्या आठव. सोऱ्या एकच. चकती बदलली की शेव, दुसरी लावली की चकली. पीठ आपण घालायचं, आकार सोऱ्या देतो.’’ हे डोक्यात शिरलं. पानावर ओळ लिहायची असेल तर ती उघडी ठेवायची नाही, या डबीत ठेवायची. डबीला दोनच गोष्टी सांगायच्या: भाषा कोणती आणि काम काय. काम म्हणजे शीर्षक, धडा, प्रश्न, पर्याय किंवा टीप. फॉन्ट कोणता, आकार किती, दोन ओळींत अंतर किती, लिहिणं उजवीकडून की डावीकडून, रंग कोणता, ते डबी ठरवते, कारण ते सगळं तिच्या पोटात एकदाच लिहून ठेवलेलं असतं. आकार बदलायचा तर डबीत बदलायचा. सगळी पानं आपोआप बदलतात.

एका बाबतीत भाऊ फार काटेकोर होता. मी कुठल्याही मोठ्या अक्षराला शीर्षक म्हणायचे. तो म्हणायचा, मोठं दिसतं म्हणून ते शीर्षक होत नाही. दृष्टी नसलेली माणसं फोनकडून पान वाचून घेतात. शीर्षक हे शीर्षक आहे आणि ही ओळ उर्दू आहे, हे पानाच्या आत नोंदलेलं असेल तरच फोन नीट वाचतो, नाहीतर उर्दू इंग्रजीच्या सुरात वाचत सुटतो. आमची डबी ही नोंदही आपली आपण करायची.

डबीतल्या उर्दूला आम्ही नोटो नस्तालीक हा फुकट मिळणारा फॉन्ट दिला. बालभारतीची उर्दू पुस्तकं नस्तालीकमध्ये असतात, आणि पुष्कळ फोनवर उर्दू दिसते ती नस्खमध्ये, म्हणजे अरबीच्या सरळ बांध्यात. मोठ्यांना सवय होते, पण पहिली-दुसरीतलं पोर पुस्तकातला शब्द फोनवर ओळखत नाही. मी खूश होते. दोन वर्षांत पानं एकशे चाळीस झाली. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी मुलं घरी सराव करत राहिली.

एकदा मला वाटलं, इंग्रजी वेबसाइटवर शीर्षकाची अक्षरं कशी ऐसपैस असतात, तशी आपलीही असावीत. डबीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं. मराठीची शिरोरेषा जागोजाग तुटली आणि उर्दूचा शब्द तर मोडलेल्या माळेसारखा झाला. हात धरून चालणारी अक्षरं ती, त्यांच्यात फट पाडून कसं चालेल? मी लगेच ते काढलं. डबीचा बाकीचा भाग नेमका कोणाच्या मापाचा आहे, हा प्रश्न तेव्हाच मनात यायला हवा होता. तो आला नाही.

२०२३-२४ चं वर्ष. सहावीला मी ज़ेर, ज़बर, पेश यांची एक सराव चाचणी दिली. उर्दूत ‘इस’ आणि ‘उस’ एकाच दोन अक्षरांनी लिहितात, अलिफ आणि सीन. अलिफच्या खाली ज़ेर दिला की इस, वर पेश दिला की उस. ‘बन’, ‘बिन’, ‘बुन’ यांचंही तसंच. दहा प्रश्न, प्रत्येकाला पर्यायांची बटणं. चाचणी मी माझ्या लॅपटॉपवर तपासली, सगळं ठीक होतं.

त्या मुलीला दहापैकी दोन मिळाले. हुशार मुलगी. तिचे वडील भाजीचा गाडा लावतात, फोन त्यांच्याबरोबर जातो आणि रात्री नऊला घरी येतो. तेव्हा ती अभ्यास करते. आणखी दोन-तीन मुलांचे गुणही असेच खाली होते, पण ती मुलं नेहमीच मागे असतात, असं धरून मी चालले. तिला मात्र उभं केलं. ‘‘छठी में आके इस-उस नै समझता? घर पे पढ़ते की खेलते?’’ असं बरंच बोलले. ती हळूच म्हणाली, ‘‘टीचर, दोनों एक जैसे थे.’’

मला ती सबब वाटली. मी आणखी चिडले. वर्ग हसला. बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवलेली असते. मूल चुकलं की चुकीचं कारण शोधा आणि त्याप्रमाणे उपाय करा, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्या दिवशी ते काही आठवलं नाही. त्यानंतर तिनं सराव करणं सोडलं. विचारलं तर म्हणायची, अब्बू फोन लेके जाते.

रमजान ईदला मी माहेरी गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. लातूरला पोहोचेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी भाऊ अब्बांना आमची पानं दाखवत होता. अब्बांचा फोन जुना, छोट्या पडद्याचा. त्यांनी चष्म्यावर आणखी भिंग धरलं. धडा वाचला, मान हलवली. मग ती चाचणी उघडली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘इसका ज़ेर किधर गया? काट दिए क्या?’’

मी फोन हातात घेतला. बटणावर अलिफ आणि सीन. दुसऱ्या बटणावरही अलिफ आणि सीन. खालचा ज़ेर कापला गेला होता, वरचा पेशही कापला गेला होता. तीन बटणांवर तीन वेळा ‘बन’, म्हणजे तेच बन, बिन आणि बुन. टीचर, दोनों एक जैसे थे.

कारण भावाला दोन मिनिटांत सापडलं. आमची डबी त्यानं कंपनीतल्या कामाच्या सवयीनं बनवली होती, म्हणजे इंग्रजीच्या मापानं. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.४ पट. इंग्रजीला ती पुरते, तिथं अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. छोट्या पडद्यासाठी बटणाची उंची आणखी कमी, ठाम आकड्यात, आणि तिच्याबाहेर जे येईल ते कापून टाकायची सूचना. लॅपटॉपवर बटण उंच होतं म्हणून मला काही दिसलं नाही. छोट्या फोनवर मात्र आमच्या भाषेचं डोकं आणि पाय दोन्ही कापले जात होते, आणि तेही एकशे चाळीस पानांवर सारखेच. मी प्रत्येक ओळ हातानं सजवत होते तेव्हा माझ्या चुका निदान वेगवेगळ्या होत्या.

अब्बांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, ‘‘मिस्तर अंग्रेजी का होगा.’’

मग ते मला म्हणाले, माळ्यावरून काढ. मी स्टूल घेऊन चढले. धुळीनं भरलेला एकच मिस्तर शिल्लक होता, रुक्क्याचा. अब्बांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. दोन दोऱ्यांमधलं अंतर त्यांनी लेखणीच्या क़तांनी ठरवलेलं होतं. वरच्या ओळीतून उतरणारं अक्षर आणि खालच्या ओळीतला पेश एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत एवढं. अरबी नस्खला ओळीत कमी जागा पुरते, नस्तालीकला जास्त लागते, कारण ती उतरत जाते. भाऊ ऐकता ऐकता एकदम हसला. वेबमध्येही असंच एक माप आहे, त्याला एम म्हणतात. एम म्हणजे त्या जागी अक्षराचा जो आकार असेल तो. अंतर एममध्ये सांगितलं की अक्षर मोठं केलं तर अंतरही त्याच हिशोबानं वाढतं. म्हणजे अब्बांचा क़तच. एक हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये जे मापलं, ते माझा भाऊ नोकरीत रोज टाइप करतो आणि त्याला ठाऊक नव्हतं. मी उर्दूची शिक्षिका, मलाही नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. उर्दूच्या ओळीची उंची २.२ केली. बटणाची ठाम उंची काढून टाकली आणि त्या जागी कमीत कमी एवढी हवी, वाढली तर वाढू दे, असं लिहिलं. कापायची सूचना काढली. मराठीला १.७ दिलं, कारण वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. तिरपी अक्षरं आणि अक्षरांमधलं अंतर हे दोन्ही भाषांना बंद. उर्दू तिरपी केली की पडायला आल्यासारखी दिसते. आणि डबीचं नाव बदलून मिस्तर ठेवलं. भावाच्या कंपनीत असलं नाव चाललं नसतं, आमच्याकडे चालतं. दहा-बारा ओळी बदलल्या असतील. अब्बांच्या फोनवर पान पुन्हा उघडलं, तर ज़ेर आपल्या जागी होता. बाकीच्या एकशे एकोणचाळीस पानांना हात लावावा लागला नाही.

आनंद झाला, पण झोप लागली नाही. मुलीला जे बोलले ते एका जागी दुरुस्त करून सगळीकडे दुरुस्त होणारं नव्हतं.

सुट्टी संपली. वर्गात मी फळ्यावर इस आणि उस लिहिलं आणि ज़ेर-पेश पुसून टाकले. मुलांना विचारलं, यातला इस कोणता? कोणालाच सांगता आलं नाही. मग तिला उभं केलं आणि सांगितलं, चाचणीत हेच झालं होतं, आणि चूक माझी होती. ‘‘मैं तुमकू सब के सामने डाँटी, इस वास्ते सब के सामने माफी माँगती.’’ ती काही बोलली नाही. खाली बघत ओढणीचं टोक पिळत राहिली. वर्ग त्या दिवशीही हसला, पण मला, आणि ते बरंच झालं.

चार दिवसांनी रात्री साडेनऊला तिच्या वडिलांच्या फोनवरून एक फोटो आला. आमच्या मराठीच्या पानाचा. आमच्या मुलांना मराठी विषय असतो. त्यात ‘मंद’ आणि ‘मद’ असे दोन शब्द होते आणि एका टिपेत दोन्ही ‘मद’ दिसत होते. टिपेचं माप बदलायचं आम्ही विसरलो होतो. खाली तिनं लिहिलं होतं, टीचर, बिंदी कट गई. आठवड्याभरानं दुसरा फोटो. उर्दू वाक्यातलं प्रश्नचिन्ह शेवटी जायच्या ऐवजी सुरुवातीला जाऊन बसलं होतं. तिथं मी डबीला भाषा सांगायला विसरले होते आणि तिनं ते वाक्य डावीकडून सुरू होणारं समजून घेतलं होतं. आता नवं पान केलं की मी लॅपटॉपवर बघून समाधान मानत नाही. रात्री नऊनंतर तो फोन घरी येतो, तोवर थांबते.

या गोष्टीत कुणाचं वैर नाही हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. तयार मिळणाऱ्या डब्या जगभर लाखो पानांत वापरल्या जातात आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी भाषा असते तिचंच माप त्यांत जातं. आमची तर माझ्या सख्ख्या भावानं बनवली होती. घरात अब्बा असताना आम्ही त्यांना विचारलं नाही, आणि ते स्वतःहून सांगायला आले नाहीत. थकत नाही म्हणून ज्या यंत्राला त्यांनी जागा दिली होती, त्याच्या कामात आपण काय बोलायचं, असं त्यांना वाटत असावं.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयानं उर्दू राहू द्यायला हरकत नाही असं सांगितलं. आमच्या शिक्षकखोलीत त्याची खूप चर्चा झाली. मी मात्र त्या दिवशी विचार करत होते, की पाटी रंगवणाऱ्यानं दोन्ही ओळींना सारखी जागा दिली असेल का? सारखी दिली असेल तर उर्दूची खालची नुक्ती चौकटीवर गेली असणार. धंद्यातल्या माणसाची मुलगी आहे, नजर तिथंच जाते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लातूरला गेले होते. अब्बा आता पंचाहत्तरीला आलेत. पानांच्या वर जे मोठं नाव येतं, ते त्यांना पसंत नव्हतं. त्यात कशिश पाहिजे म्हणाले, म्हणजे एक अक्षर लांब ओढून ओळ भरायची. रुक्क्यावर ते नवरा-नवरीची नावं अशी ओढायचे. भाऊ म्हणाला, या फॉन्टमध्ये मला तसं करता येत नाही. अब्बा गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तो मैं लिख देता. एकच बार लिखना है ना?’’

भाऊ म्हणाला, हौ अब्बा, एकच बार. फोटो काढून मिस्तरमध्ये ठेवतो, सगळ्या पानांवर येईल. आणि न दिसणाऱ्यांसाठी त्या चित्राच्या मागं तेच नाव अक्षरांतही ठेवतो. अब्बा मला म्हणाले, बिस्किट के डिब्बे जैसाच है ये तो.

बरू आणायला भाऊ गोलाईत गेला. अब्बांनी तो छाटला तेव्हा हात थरथरत होता, क़त दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. चांगला कागद काढला. मी पुठ्ठ्यावरची धूळ ओढणीनं पुसली, कागद त्यावर ठेवला आणि दाबायला सुरुवात केली.

‘‘अंगूठे से नक्को,’’ अब्बा म्हणाले.